सोसायटीचा हॉल चार ते सात उघडा ठेवा

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापक समितीचे सदस्य,
नवी मुंबईतल्या सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

मी कोपरखैरण्यात राहतो. गाणी ध्वनिमुद्रित करणं आणि चित्रपटांना पार्श्वसंगीत देणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. दर रविवारी सकाळी तुर्भ्याजवळच्या एका समाजमंदिरात तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना घेऊन बसतो, त्याचे पैसे कुणी देत नाही आणि मी मागितलेलेही नाहीत. हे पत्र त्या मुलांसाठी आहे. तुमच्या इमारतीत तळमजल्याला किंवा पार्किंगच्या वर जो हॉल आहे, तो सोमवार ते शुक्रवार दुपारी चार ते सात या वेळात मुलांना वाद्यांच्या सरावासाठी द्या. एवढं एकच मागणं आहे. का मागतोय, ते जरा सविस्तर सांगतो.

माझे वडील माथाडी. कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईहून इकडे आला, त्याच्या मागोमाग आमचं बिऱ्हाडही आलं. आमच्या रांगेतले बहुतेक सातारा, सांगलीकडचे. दिवसभर पाठीवर गोणी वाहून आलेली माणसं एकादशीच्या रात्री अंगणात सतरंजी टाकून भजनाला बसायची. वडील पखवाज वाजवायचे. भाकऱ्या झाल्या की आई धुमपुडीसाठी, म्हणजे पखवाजाच्या खर्जाच्या तोंडासाठी, मूठभर कणीक मळून ठेवायची. ती कणीक नेऊन द्यायची आणि वडील ती पुडीवर लावून थाप मारून बघत तेव्हा शेजारी बसून राहायचं, हे माझं काम. थोडी कमी, थोडी जास्त, मग एकदम तो खोल आवाज लागायचा. कणीक वाळू लागली की वडील वाजवता वाजवता बोट ओलं करून फिरवायचे. आज स्टुडिओत मी जे ऐकतो, ते ऐकायला तिथे शिकलो. मात्र ते अंगण होतं. मध्यरात्रीपर्यंत ताशी लागलेले टाळ सगळ्या रांगेला ऐकू जायचे आणि सगळी रांग त्यात होती.

आता ती रांगही उभी वाढली आहे. खाली दुकान, वर तीन मजले. बाकी नोडमध्ये, म्हणजे नवी मुंबईच्या इतर उपनगरांत, तर टॉवरच आहेत. अंगण गेलं ते परत येणार नाही, आणि माझी त्याबद्दल तक्रारही नाही. माणसांना पक्की घरं मिळाली. पण अंगणात जी गोष्ट आपोआप व्हायची, तिच्यासाठी आता कुणीतरी दार उघडून द्यावं लागतं. ती किल्ली तुमच्याकडे आहे.

मी एकोणीस वर्षांचा असताना अंधेरीतल्या एका स्टुडिओत मदतनीस म्हणून लागलो. कोपरखैरण्याहून वाशी, वाशीहून वडाळा, वडाळ्याहून अंधेरी. पहिलं वर्ष केबल गुंडाळण्यात आणि चहा आणण्यात गेलं. दुसऱ्या वर्षी माइक लावू दिला. ढोलकीच्या शाईकडून किती बोटं लांब ठेवायचा, गायिकेच्या तोंडासमोर ठेवायचा की किंचित बाजूला, हे असं काम आहे की कुणी सांगितलं तरी कळत नाही, शंभर वेळा करावं लागतं. पुढे मी अरेंजमेंट, म्हणजे चालीत कुठलं वाद्य कुठे वाजेल ते ठरवण्याचं काम, करू लागलो आणि मग स्वतःची कामं घेऊ लागलो.

पार्श्वसंगीताचं काम बाहेरून कसं दिसतं ते मला ठाऊक आहे. एक माणूस काळोख्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो आणि संगीत तयार होऊन येतं. प्रत्यक्षात पहिले दोन दिवस आम्ही एकही सूर वाजवत नाही. दिग्दर्शक आणि मी चित्रपट थांबवत थांबवत बघतो आणि ठरवतो की इथे संगीत सुरू होईल, इथे थांबेल, इथे नुसता पंख्याचा आवाज राहील. कुठे गप्प राहायचं, यावर सगळ्यात जास्त वाद होतात. चित्रपटाच्या एका सेकंदात २४ चौकटी असतात आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात नि शेवट त्या चौकटींच्या हिशेबात लिहिला जातो. मग संकलक पुन्हा चार सेकंद कापतो आणि सगळा हिशेब नव्याने. शेवटी संवाद, संगीत आणि इतर आवाज वेगवेगळे करून द्यावे लागतात, कारण उद्या तो चित्रपट दुसऱ्या भाषेत गेला तर संवाद काढून बाकीचं तसंच वापरायचं असतं.

या सगळ्यात यंत्र खूप मदत करतं. व्हायोलिनचा ताफा, बासऱ्या, घंटा, सगळं नमुन्यांच्या, म्हणजे आधीच रेकॉर्ड केलेल्या सुरांच्या, रूपात माझ्या हार्ड डिस्कवर आहे. तरीही एका चित्रपटात मी अडलो. गोंधळाच्या रात्रीचा प्रसंग, चाळीस सेकंद. म्हणजे ९६० चौकटी. नमुन्यांतला संबळ लावून बघितला, तो स्वच्छ वाजत होता आणि प्रसंग मेलेला होता. मग तुर्भ्यातल्या गोंधळी घरातल्या एका पोराला बोलावलं. त्याने पडद्याकडे दोनदा पाहिलं, कानात क्लिक, म्हणजे लय धरायला लावतात ती टिकटिक, नको म्हणाला, आणि बाई वळून बघते नेमक्या त्या क्षणी संबळाचा बाज बदलला. तिसऱ्या वेळी घेतलेलं तेच चित्रपटात आहे. मी विचारलं, रियाज कुठे करतोस? तो म्हणाला, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या पुलाखाली. तिथे ट्रकचा आवाज इतका असतो की संबळाने कुणाला त्रास होत नाही.

जो आवाज चित्रपटगृहात हजारो लोकांनी ऐकला, तो घडवण्यासाठी या शहरातली एकमेव जागा पुलाखाली होती. त्या दिवसापासून हे पत्र माझ्या डोक्यात आहे.

आणि तो मुलगा आहे म्हणून पुलाखाली तरी जाऊ शकला. माझ्याकडे रविवारी येणाऱ्यांत मुली जवळजवळ निम्म्या आहेत. गाणाऱ्या पुष्कळ आहेत, कीबोर्ड वाजवणाऱ्या दोन-तीन आहेत, कारण गळा आणि हेडफोन लावलेला कीबोर्ड घरात चालतो. तालवाद्य वाजवणारी बराच काळ एकही नव्हती. मला आधी वाटायचं की आवड नसेल. मग एकीने सांगितलं की ती रोज रात्री उशीवर ढोलकीचे बोल वाजवते. दहावीतली मुलगी, हात इतका तयार की मी तिच्या हातात खरी ढोलकी दिली तेव्हा समाजमंदिरातली बाकीची पोरं बोलायची थांबली. पण उशीवर आस, म्हणजे थापेनंतर रेंगाळणारा नाद, कळत नाही, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, कळत नाही, डाव्या हाताने घिस्सा दिला की पुडी काय करते ते कळत नाही. ती खाडीकिनारी जाऊ शकत नाही, पुलाखाली जाऊ शकत नाही, आणि तिच्या आईने जाऊ देऊ नये हेच बरोबर आहे. तिला हवी आहे ती जागा घरापासून एक जिना खाली, जिथे वॉचमन आहे, दिवा आहे, ओळखीची माणसं येता-जाता दिसतात. तुमच्या हॉलसारखी. मुलांची सोय कुठूनतरी होते. मुलींच्या हातात वाद्य यायचं असेल तर ते सोसायटीच्या आतच येईल, असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

तुमची पहिली हरकत आवाजाची असणार. ती खरी आहे, आणि मी तिच्या दोन्ही बाजूंना उभा राहिलेलो आहे. लग्नानंतर मी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहत होतो, कुठल्या सेक्टरात ते राहू द्या. एका चित्रपटाचं काम उशिरा चाललं होतं, रात्री नऊ वाजता ढोलकीवाला आला. वरच्या मजल्यावर एक आजी आजारी होत्या, मला ठाऊक नव्हतं. तीन वेळा असं झालं, समितीचं पत्र आलं आणि मी घर सोडलं. तेव्हा राग आला होता. आज वाटतं, समिती चुकली नव्हती. त्या इमारतीत एक हॉल होता, त्याला वर्षभर कुलूप होतं, आणि तिथे दुपारी बसायची मुभा असती तर रात्री नऊची वेळच आली नसती. नंतर कर्ज काढून औद्योगिक वसाहतीत एक गाळा घेतला. जमिनीवर रबर, त्यावर दुसरी जमीन, भिंतीच्या आत दुसरी भिंत, मधे हवा आणि रॉकवूल. तो खर्च मी धंद्यासाठी केला. कुठल्याही मुलाच्या आईबापांना तो परवडणार नाही, आणि सरावासाठी त्याची गरजही नाही.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा. चार ते सात ही वेळ पूर्णपणे दिवसात येते, दुपारची झोप झालेली असते आणि रात्रीचा टीव्हीचा वेळ अजून व्हायचा असतो. तीन तासांच्या मर्यादेमुळे ज्यांना त्रास होऊ शकतो त्यांनाही कधी सुरू होणार नि कधी संपणार हे आधी माहीत असतं. माझा अनुभव असा की माणसाला आवाजापेक्षा तो कधी थांबेल हे माहीत नसण्याचा जास्त त्रास होतो.

आता थोडं धंद्यातलं. भिंतीला अंड्याचे ट्रे किंवा फोम चिकटवून आवाज बाहेर जायचा थांबत नाही. त्याने खोलीतला घुमारा कमी होतो, एवढंच. बाहेर जाणारा आवाज दोन वाटांनी जातो. जिथून हवा जाते तिथून तोही जातो, म्हणून दाराच्या फटीला रबराची पट्टी लावली आणि खिडकी नीट बंद होते ना हे बघितलं की बराच फरक पडतो. दुसरी वाट स्लॅबची. ड्रमचा किंवा ढोलाचा ठोका जमिनीत उतरतो आणि काँक्रीटमधून चार मजले वर जातो, बारीक आवाजाला जे जमत नाही ते खर्जातल्या आवाजाला जमतं. त्यावर उपाय वाद्याखाली: जाड रबरी मॅट, वर प्लायवूड, वर जुनी गादी. म्हणूनच तळमजल्याचा हॉल गच्चीवरच्या हॉलपेक्षा चांगला. पडदे जाड असले तर वाजवणाऱ्याच्या कानाला बरं. एवढ्या सगळ्याला तुमच्या एका गणपतीच्या मंडपाच्या कापडाइतकाही खर्च येत नाही.

खोली फार मुकी केली तरी पंचाईत होते. आगरी लग्नातले धवले गाणाऱ्या एका आजींना मी स्टुडिओत आणलं होतं. आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण गाऊन लावते, हळदीपासून पाठवणीपर्यंत त्या त्या वेळेचं गाणं ठरलेलं. आजी काचेच्या खोलीत गेल्या, एक ओळ म्हणाल्या आणि बाहेर आल्या. इथे आवाज गिळतो रे, म्हणाल्या. मला फार लागलं ते, कारण त्या खोलीवर मी किती खर्च केला होता. शेवटी त्यांच्याच गावच्या समाजमंदिरात, फरशीवर सतरंजी टाकून, पहाटे गाड्यांची वर्दळ नसताना आम्ही रेकॉर्डिंग केलं. त्यांच्या मागे बसायला दोन सुना आणि एक नात हवी होती, ओळ झेलायला. साध्या भिंतींचा, किंचित घुमणारा हॉल. तुमच्या हॉलसारखाच.

मुंबईच्या संगीताचा इतिहास बघितला तरी अशा खोल्या जागोजागी भेटतात. हिंदी चित्रपटांचे मोठे ऑर्केस्ट्रा ज्या गोव्याच्या वादकांनी उभे केले, ते लहानपणी चर्चच्या शाळांत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकले होते आणि मुंबईत आल्यावर त्यांच्यातले अनेक जण धोबीतलावच्या बाजूला आपापल्या गावाच्या क्लबांत, कोंकणीत ज्यांना कूड म्हणतात तिथे, उतरत. एका ट्रंकेएवढी जागा, पण तिथे व्हायोलिन वाजवायला कुणी हरकत घेत नसे. व्हायोलिनवादक आणि अरेंजर अँथनी गोन्साल्विस त्याच पिढीतले. गिरगावच्या बाजूला बी. आर. देवधरांची संगीतशाळा होती, तिथे कुमार गंधर्व शिकले. आपल्या शहरात मैदान आहे. २०१९ साली यू-टू हा रॉक बँड नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये वाजवून गेला, २०२५ च्या जानेवारीत कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम तिथेच झाले. वाशीला विष्णुदास भावे नाट्यगृह आहे. ऐकायच्या जागा आहेत. सरावाच्या नाहीत.

तुमच्या सभेत कुणीतरी पालक विचारतील, यात पोट भरतं का? प्रामाणिक उत्तर देतो. भरतं, पण महिन्याच्या एक तारखेला नाही. चित्रपटाचं काम बहुतेक वेळा ठरावीक रकमेत घ्यावं लागतं; त्यातूनच स्टुडिओचं भाडं, वादक, गायक, मिक्सिंग, सगळं. चित्रपट लांबला की तुमचाच वाटा आटत जातो. दोनदा माझी अर्धी रक्कम बुडालेली आहे. म्हणून मी मुलांना पहिल्याच महिन्यात एक कागद लिहायला लावतो: शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवलं कुणी, तारीख, सह्या. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात बदल झाला. तेव्हापासून चित्रपटातलं गाणं चित्रपटगृहाबाहेर वाजलं की मिळणाऱ्या रॉयल्टीत गीतकाराचा आणि संगीतकाराचा समान वाटा असतो आणि तो हक्क निर्मात्याला लिहून देता येत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. हे पंधराव्या वर्षी कळलेलं मूल माझ्यासारखं चाळिशीत फसत नाही. सगळीच मुलं या धंद्यात येणार नाहीत, येऊही नयेत. पण रोज दोन तास एकाच गोष्टीवर हात बसवलेलं मूल मी वाया गेलेलं बघितलेलं नाही.

आणखी एक. माझ्या रविवारच्या गटातल्या एका मुलाने गेल्या पावसाळ्यात एक तुकडा तयार केला. बाजार समितीत जाऊन त्याने फोनवर आवाज गोळा केले: गोणीत रुतणारा हूक, हातगाडीची चाकं, कांदे ओतल्याचा आवाज, लिलावाची बोली. त्यातून त्याने ताल बांधला, वर स्वतःचे शब्द. मी ऐकत होतो आणि मला वडिलांची पाठ दिसत होती. त्या मुलाचे वडील एका मोठ्या सोसायटीत सुरक्षारक्षक आहेत. हॉलची किल्ली रोज त्यांच्या टेबलाच्या खणात असते. मुलगा संध्याकाळी डबा घेऊन येतो, गेटवर थांबतो, डबा देतो, जातो. कुणी त्याला हाकललेलं नाही. त्याला आत यावंसं वाटेल असं कुणी काही म्हटलेलंही नाही. हॉल द्याल तेव्हा तुमच्याकडे काम करणाऱ्यांच्या मुलांनाही द्या. हे माझ्या मागणीतलं वेगळं कलम नाही, त्याच मागणीचा भाग आहे.

व्यवहाराचं म्हणाल तर सहकार कायद्याप्रमाणे तुमची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायची असते. विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्या. एकदम कायमचा ठराव नको; दिवाळीनंतर तीन महिने करून बघा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा असतात तेव्हा बंद ठेवा. बारसं, साखरपुडा, कुणाचं तेराव्याचं जेवण असेल त्या दिवशी मुलं आपोआप बाजूला होतील. एक वही ठेवा, येणाऱ्याने नाव, घर क्रमांक आणि वेळ लिहायची. इमारतीतले दोन निवृत्त गृहस्थ किंवा गृहिणी आळीपाळीने बसल्या तर उत्तम. तुमच्याकडे हार्मोनियम वाजवणारे एखादे काका असतातच आणि त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं. भाडं घेऊ नका. दिव्याचं बिल वाढलं तर मला कळवा.

पहिल्या दिवशी मी येतो. माझ्याकडे ध्वनिमापक आहे. हॉलमध्ये ढोलकी वाजत असताना आपण वरच्या मजल्यावरच्या एखाद्या घरात उभे राहून आकडा बघू, दार लावून आणि उघडं ठेवून. जिथे आजारी माणूस आहे तिथे आधी. आकडा जास्त आला तर रबराची पट्टी आणि मॅट कुठे घालायची ते दाखवतो, दोन जुन्या मॅट माझ्या गाळ्यात पडून आहेत, त्या देतो. तरीही जमलं नाही तर त्या हॉलमध्ये फक्त तार, बासरी आणि गळा बसेल, ढोलकीसाठी शेजारच्या सोसायटीला विचारू.

दहावीतली ती ढोलकीवाली या वर्षी अकरावीला गेली. तिच्या इमारतीतला हॉल तळमजल्याला आहे, दक्षिणेकडची भिंत नऊ इंची, वर पार्किंगचा मोकळा मजला. मी बाहेरून बघून आलो आहे. सुरुवात करायला त्याहून चांगली खोली मला या भागात माहीत नाही.

आपला नम्र,
कोपरखैरण्यातला एक संगीत निर्माता